विल्फची अर्धी ढाबळ

कोल्डवेल, डरहॅम
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय विल्फ,

पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. मॅटीला थोडा दम लागतो, पण उभा जन्म खाणीत घालवलेल्या कुणाला लागत नाही? तू आणि जॉयस बरे असाल. तुमचा पत्ता तिच्या बहिणीकडून मिळवला. ती बाजारात भेटली आणि द्यावा की नाही म्हणून मटणवाल्याच्या दुकानापासून बसथांब्यापर्यंत का-कू करत होती. शेवटी दिला एकदाचा.

इकडे गारठा सुरू झालाय. बाकी नेहमीचंच.

आम्ही घर बदलतोय. म्हणजे बदलायचं ठरलंय, बदलू की नाही देव जाणे. जिना झेपेनासा झाला. चर्चच्या मागे कौन्सिलची बैठी घरं आहेत ना, त्यातलं एक लोरेन नावाच्या बाईकडे आहे. आईच्या पश्चात तिच्या नावावर झालं. तीन पोरं एका खोलीत कोंबलेली, त्यांना वर-खाली खोल्या हव्यात. आम्हाला जिना नको, तिला हवा. वाण्याच्या खिडकीत तिची चिठ्ठी लावलेली दिसली आणि मी तिथूनच तिच्या घरी गेले. कौन्सिलचं म्हणणं, तुमचं तुम्ही ठरवा, घर आहे तसं घ्या, मागाहून आमच्याकडे रडत येऊ नका. भाडेकरूनं स्वतः काही उभारलं असेल तर ते त्यानं पाडून जायचं, नाहीतर येणाऱ्यानं गळ्यात घ्यायचं. दोन्हीकडच्या सह्या झाल्या की काम झालं.

ऐकायला किती सोपं. प्रत्यक्षात काय मागे ठेवायचं आणि काय न्यायचं यावरून आमची जी जुंपली आहे, ती ऐकशील तर हसशील.

"पडदे ठेवणार ना?" लोरेन विचारते.

"पडदे ठेवते. दांड्या माझ्या वडिलांनी बसवल्यात, त्या नेणार."

"दांड्यांशिवाय पडदे काय करू, अंगावर गुंडाळू?"

मग मी म्हटलं, न्हाणीघरातला तुझ्या आईचा धरायचा दांडा तू काढून नेणार म्हणतेस, तो ठेव, मी पडद्यांच्या दांड्या ठेवते. तर तिचा चेहरा पडला. त्याला आईचा हात लागलेला आहे म्हणाली. आता भिंतीतल्या दांड्याचं ती काय करणार? त्यानंतर बल्बवरून दोन दिवस गेले. लोक म्हणे घर सोडताना बल्बसुद्धा काढून नेतात. मी नेणार नव्हते, पण तिनं विचारल्यावर न्यावेसे वाटायला लागले. मी थकले आहे विल्फ, नाहीतर बल्बवरून भांडणारी बाई मी नव्हे.

मॅटी मात्र एकदम उदार. जिन्यावरचा गालिचा घे, शेगडी घे, टोमॅटोचं काचघर घे. लोरेन म्हणाली, "काका किती चांगले आहेत हो." आणि लगेच पुढे, "ती मागची ढाबळ तेवढी काढून टाका हं. कबुतरांच्या धुळीनं आमच्या धाकटीची छाती भरते."

मॅटी म्हणाला, "ती काढता येणार नाही."

"राहू दे, मग मी काढून घेईन."

"तुलाही येणार नाही."

"का बरं?"

"अर्धी माझ्या भावाची आहे."

मी बशी पुसत होते, ती तशीच खाली ठेवली. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. लोरेननं विचारलं, भाऊ कुठं असतात? तर म्हणाला, "बाहेरगावी," जणू तू चार दिवस कुठं समुद्रावर गेला आहेस.

तेव्हापासून अडून बसला आहे. मागे ठेवायची तर माझी नाही, पाडायची तरी माझी नाही, म्हणतो. ज्याची त्यानं सांगावं. ते होईपर्यंत सही करणार नाही. लोरेन म्हणते, ढाबळ असेपर्यंत ती सही करणार नाही. मध्ये मी.

कबुतरं आता नाहीत, हे तुला सांगायला हवं. डॉक्टरनं बंद करायला लावली. कोवळी होती ती वाटून टाकली. जुनी कुणाला देणार? कुठंही नेली तरी दार उघडलं की परत आमच्याच छपरावर. त्यांचं जे करायचं ते मॅटीनं वसंतात एका सकाळी स्वतः केलं आणि दिवसभर जेवला नाही. म्हणजे ढाबळ रिकामी आहे. त्याची बाजूही आणि तुझीही. तुझी तर तू गेल्यापासून रिकामीच होती. जागा कमी पडायची तेव्हा मॅटी पक्ष्यांच्या पेट्या स्वयंपाकघरात आणून ठेवायचा, पण मधलं दार उघडून तुझ्या बाजूला एक पक्षी सोडला नाही. झाडायचा मात्र दोन्हीकडे.

तर एक ओळ लिही. ढाबळीचं काय करायचं ते. बाकी काही लिहायची सक्ती नाही.

ऑड्री


कोल्डवेल
२७ ऑक्टोबर

प्रिय विल्फ,

तुझं कार्ड मिळालं. मी एक ओळ मागितली होती, तू अर्धीच पाठवलीस. 'माझं तिथं काही नाही, जाळून टाका.' बरं.

मी ते मॅटीला दाखवलं. दाखवू नये असं मनात आलं होतं, पण पोस्टमननं त्याच्या हातातच दिलं असतं तर काय केलं असतं? त्यानं लांब धरून वाचलं, परत वाचलं आणि घड्याळामागे ठेवून दिलं. म्हणाला, "कागदावर काय, माणूस काहीही लिहितो. ढाबळीसमोर उभं राहून सांगू दे."

मी म्हटलं, "तो मॅन्सफिल्डहून येणार, तुझ्या लाकडाच्या खोक्यासमोर उभं राहायला?"

"त्याच्या खोक्यासमोर," तो म्हणाला.

एका आईची दोन पोरं, दोघं सारखीच. तुमच्या आईला कसे झेपलात कोण जाणे.

लोरेन काल आली होती. वाईट नाही ती. येताना केक आणला, तो जळका होता. म्हणाली, "काकू, माझ्याकडे दुसरं एक कुटुंब आलंय, वरच्या गल्लीतलं. त्यांच्याकडे ढाबळ-बिबळ काही नाही. मी अजून दोन आठवडे थांबते, पुढं नाही थांबता येणार. पोरं रात्री एकमेकांना लाथा मारतात." मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर इतकी थांबलेही नसते.

मग ती अंगणात गेली आणि परत येऊन विचारते, "त्या उजव्या दारावर रंगाखाली काहीतरी लिहिलंय का?"

मॅटी म्हणाला, "काही नाही. ओल आहे."

ओल नाही ती. तू गेलास त्या आठवड्यात कोणीतरी तुझ्या दारावर लाल रंगानं 'संपफोड्या' लिहून गेलं होतं. तू ते पाहिलं नाहीस, बरं झालं. तेव्हा मॅटी तुझं नाव काढू देत नव्हता. आईच्या दफनाला तू समोर उभा होतास तरी त्यानं मान वळवली, ते मी विसरलेले नाही आणि तूही विसरला नसशील. पण त्या दिवशी तो दुकानात गेला, पांढरा रंग आणला आणि अक्षरं बुजवली. लाल रंग मोठा चिवट. हिवाळाभर पाऊस खाल्ला की खालून वर येतो. दर वसंतात तो पुन्हा पांढरा हात देतो. मी एकदा म्हटलं, दारच बदल ना. तर म्हणाला, "दार त्याचं आहे."

मला तेव्हाही कळत होतं विल्फ, संप चालू असताना तू कामावर का गेलास ते. जॉयस आजारी, घरात विस्तव नाही. पुढं महिन्या-दोन महिन्यांत सगळेच गेले परत, बँड वाजवत गेले. आता खाणही नाही. फाटक होतं तिथं गवत वाढलंय आणि लोक कुत्री फिरवतात. कुणाशी कुणी का बोलत नाही, हे नव्या पोरांना समजावून सांगायची सोय राहिली नाही.

आणखी एक. मागच्या पत्रात मी 'थोडा दम' लिहिलं होतं. थोडा नाही. ऑगस्टपासून त्याचा पलंग खाली बाहेरच्या खोलीत आणलाय. जिना चढून त्याला तीन महिने झाले. शौचालय वर, म्हणजे काय ते तू समजून घे. त्याची लाज मला आवरावी लागते आणि माझी पाठ कुणी आवरत नाही. उशाशी ऑक्सिजनची नळकांडी आहे. ते बैठं घर मला हौस म्हणून नकोय.

येत्या शनिवारी ये. पुढच्या दारानं यायचं नसेल तर मागच्या बोळातून ये, कोणी बघणार नाही. 'पाडा' एवढं म्हण आणि जा. मी थांबवणार नाही.

ऑड्री


७, चर्चमागची बैठी घरं, कोल्डवेल
२४ नोव्हेंबर

प्रिय विल्फ,

वरचा पत्ता बघितलास म्हणजे कळलं असेल. आम्ही इथं येऊन दहा-बारा दिवस झाले. घर उबदार आहे. न्हाणीघरातला दांडा लोरेननं ठेवला. निघताना त्यावरून एकदा हात फिरवला आणि गेली. मी पडद्यांच्या दांड्या ठेवल्या. बल्बही.

त्या शनिवारी मी तुला पाहिलं.

मी मोरीपाशी बटाटे सोलत होते. तू बोळात उभा होतास, तपकिरी कोट घालून. केस पार पिकलेत तुझे. कुंपणावरून हात आत घालून तू तुझ्या दारावर ठेवलास, बराच वेळ. मी हात पुसले, बूट शोधायला लागले. हाक मारायचं तोंडाशी आलं होतं. पण हाक मॅटीला ऐकू गेली असती, आणि तू वळला नसतास तर तेही त्याला कळलं असतं. म्हणून बूट शोधत बसले. बाहेर आले तेव्हा बोळ रिकामा होता.

मला तुझा राग आला. खूप आला. इतक्या लांब गाडी हाकत आलास, आणि बारा पावलं चालवेनात?

आत गेले तर मॅटी जागा. "मागे कोण होतं?"

मी म्हटलं, "विल्फ."

तो उठून बसायला लागला. मी म्हटलं, गेला तो, तू झोपला होतास, उठवू नको म्हणाला.

"काय म्हणाला?"

"पाडा म्हणाला."

"ढाबळीसमोर?"

"ढाबळीसमोर."

"आत बघितलं त्यानं? त्याच्या बाजूला?"

"बघितलं. म्हणाला, नीट ठेवलीय."

मग तो पुन्हा उशीला टेकला. मला वाटलं, संपले प्रश्न. तर म्हणतो, "चहा दिलास का त्याला?"

"दिला की."

"कप कुठंय?"

काय करणार? मी आत गेले, कपात चहा ओतला, तुझी ती दोन चमचे साखर घातली, आणि उभ्याउभ्या प्यायले. मला साखर सोडून किती वर्षं झाली, घशाखाली उतरेना. कप नेऊन त्याच्यासमोर ठेवला. त्यानं आत डोकावून तळाची साखर बघितली. मग म्हणाला, "आण तो कागद." सही केली. कागदाखाली मी पुस्तक धरलं.

तर हे तू लक्षात ठेव. तू आलास. पाडा म्हणालास. नीट ठेवलीय म्हणालास. चहा घेतलास. यातलं काही खोटं पाडायचं नाहीस, मी मेल्यावरसुद्धा.

ढाबळ लोरेनच्या भावानं उतरवली. मॅटीला खुर्चीत घालून मागच्या दाराशी बसवलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेट. तिचा भाऊ म्हणाला, "काका, हे सगळं शेकोटीला बरं आहे." मॅटी म्हणाला, "डावीकडचं जाळ. उजवीकडचं बांधून गाडीत ठेव." पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांगतात तसं कर बाबा.

त्यामुळे तुझ्या फळ्या इथं आमच्या मागच्या भिंतीला उभ्या आहेत, मेणकापडाखाली. लोकांनी काय काय मागे ठेवलं आणि आम्ही बरोबर काय आणलं, ते बघ. शेजारीण विचारून गेली, हे कशाला? तिला मॅटीनं सांगितलं, "भाऊ न्यायला येणार आहे."

मी चूक केली की काय, कळत नाही. त्याला शांतपणे सही करता यावी एवढंच माझ्या मनात होतं. पण आता तो रोज विचारतो. एकदा आला म्हणजे पुन्हा येईलच, त्याला नवं घर सापडेल का, मी पत्ता नीट लिहिला का. पलंग खिडकीशी घ्यायला लावला, रस्ता दिसावा म्हणून. गाडी थांबली की मान उचलतो. दूधवाला असतो, कधी चर्चमधली बाई. त्याला मान उचलायचीसुद्धा दगदग होते, ती मला बघवत नाही.

डॉक्टर नाताळपर्यंतचं बोलतो. पुढचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

बोलायला काही नसेल तर फळ्यांचं बोला. त्या कुठं लावणार, मापं किती. तुम्हाला दोघांना तेवढं तर येतं. माफी-बिफी त्यालाही नको आहे, त्याला मागताही येणार नाही. तो फक्त वाट बघतोय.

मागच्या वेळी तू आत आला नाहीस, तरी मी तुला आत आणलं, तुझ्या तोंडचं बोलले, तुझा चहा प्यायले. माझ्यानं हे एकदाच होणार होतं. आता तुझं तुला यायला हवं. इथं बोळ नाही. एकच दार आहे, ते रस्त्यावरच उघडतं.

तू काहीही केलंस, त्यानं काहीही केलं, तरी मधल्या सगळ्या वर्षांत
तुझी वहिनीच राहिलेली,
ऑड्री