पंख्यातून वर गेलेला वास

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय मिस्टर पेल्की,

तब्येत बरी असेल तुमची. मी मार्नी, तुमच्या खालच्या घरातली. बँगोरचा तुमच्या बहिणीचा पत्ता मला आपल्या पोस्टमनने, ड्वेनने दिला. त्याला बोलू नका, मी मागे लागले म्हणून दिला. अकरावीत शाळा सोडल्यापासून मी सामानाच्या याद्या सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका धरू नका.

इकडे बर्फ गुडघ्याच्या वर आहे. तुम्ही जाताना दिलेला मायक्रोवेव्ह चालतोय, फक्त दार आपटून लावावं लागतं. आईची केमो डॉक्टरांनी थांबवली. आता घरी नर्स येते, आठवड्यातून तीनदा. तुमच्या घरात एक बाई आलीय, तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. ते रडलं की आमच्या शेगडीवरच्या पंख्यातून ऐकू येतं. तुमचं आंघोळीतलं गाणं यायचं ना, तसंच.

त्या पंख्याबद्दलच लिहायचं होतं. तीन कागद फाडून झाले.

ऑक्टोबरमध्ये आईच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी तिला औषध म्हणून गांजा घ्यायचं कार्ड करून दिलं. ओढायला तिला जमत नाही, आजार फुफ्फुसातच आहे. म्हणून लोण्यात उतरवून टोस्टला लावून द्यायचा. पण त्याआधी तो मंद ओव्हनमध्ये भाजावा लागतो, नाहीतर लागू पडत नाही. आणि भाजताना काय वास सुटतो ते तुम्हाला मी काय सांगणार. पण तिने खाल्लं, मिस्टर पेल्की. पहिल्याच दिवशी एक आख्खं अंडं खाल्लं आणि म्हणाली, “अजून आहे का?”

दुकानात उघड मिळतो. पण आपली बिल्डिंग पडली वॉशिंग्टनच्या सरकारच्या पैशावरची, त्यांच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच, इथे चिमूटभर सापडला तरी घर जातं. करारावर आईची सही आहे. घर गेलं असतं तर तिला घेऊन मी कुठे गेले असते?

म्हणून मी शनिवार धरला. शनिवारी सगळ्यांकडे बीन्स शिजत असतात, काकवीचा आणि डुकराच्या चरबीचा वास जिन्यात भरलेला असतो, त्यात हा लपेल असं वाटलं. नाही लपला. मग दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, पुठ्ठा कापून ओव्हनपासून पंख्यापर्यंत धुराडं केलं आणि पंखा जोरात सोडला. बाहेर जाऊन जिन्यात वास घेऊन पाहिला. काही नाही. मला इतका आनंद झाला की मी आईला सांगितलं, “सगळा कुठे गेला कोण जाणे.”

तिसऱ्या शनिवारनंतर तुम्ही मला खाली कपडे धुवायच्या मशिनपाशी भेटलात. आठवतं? तुम्ही म्हणालात, “पोरी, माझ्या बाथरूममध्ये कुणीतरी तो घाण वासाचा स्कंक मारून टाकतंय. मी या गांजापायीच वर्षभर तुरुंगात जाऊन आलो, आता म्हातारपणी फुकट मिळतोय होय? सापडू दे, मानगूट धरतो.” मी हसले. मान हलवली. टोपलीतले मोजे जुळवत बसले.

मला तेव्हाच कळलं होतं. गाणं ज्या नळीतून खाली येतं तिच्यातूनच वास वर जाणार, याला काही शाळा लागत नाही.

त्यानंतर मी अजून दोनदा केलं. हे मला लिहायचं होतं. चुकून झालं असं मी आतापर्यंत स्वतःला सांगत होते, पण चुकून तीनदा झालं. पुढचे दोन चुकून नव्हते. आईचं लोणी संपलं होतं.

बिल्डिंगच्या ऑफिसातली बाई आली त्या दिवशी मी जिन्यातच होते. ती तुमच्या दारात नाक वर करून उभी होती.

“ऑल्डन, हा वास कसला?”

“माझे मोजे.”

“बाथरूममधून येतोय.”

“बाथरूममधून वास येतो, आणि त्याची तुम्हाला तक्रार?”

ती हसली नाही. म्हणाली, “तुमची जुनी फाईल आहे आमच्याकडे.” तेव्हा तुमचा चेहरा उतरला. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत, म्हणालात, “मार्नी, तू सांग हिला, मी कधी सिगारेटसुद्धा ओढतो का?” आणि मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आईसुद्धा म्हणाली, घाबरली असेल बिचारी. पण ते तीन शब्द अगदी स्वच्छ फुटले.

आता मी बरणीत करते. बरणीचं झाकण घट्ट लावायचं, गरम पाण्यात बुडवून ठेवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. वास येतच नाही. गांजाच्या दुकानातल्या बाईने सांगितलं, एका मिनिटात. म्हणाली, “पहिल्याच दिवशी विचारायचंस की गं.” पहिल्या दिवशी मी आईच्या मागे उभी होते, जमिनीकडे बघत. तुमचं घर त्या एका मिनिटापायी गेलं.

जानेवारीत मी ऑफिसात गेले होते. नावं न घेता विचारलं. ती म्हणाली, घर दुसऱ्याला दिलं की दिलं, ते परत मिळत नाही. पण खरं कुणाचं होतं ते लेखी आलं तर माणसाच्या नावावरचा डाग पुसता येतो, मग त्याला तीन वर्षं थांबावं लागत नाही, दुसरीकडे सरकारी घरासाठी अर्ज करता येतो. ड्वेन म्हणाला तुम्ही बहिणीकडे सोफ्यावर झोपता आणि तिचा नवरा बोलत नाही.

तर हे लेखी. हे पत्र तुम्ही ऑफिसात दाखवा. खाली सही केलीय.

फक्त एक मागणं आहे, आणि ते मागायचं तोंड मला नाही हे मला कळतं. आई जाईपर्यंत थांबाल का? नर्स म्हणते तीन आठवडे, कदाचित चार. ती खिडकीपाशी झोपते, तिला नदी दिसते. आता लोणी लावलेला टोस्टही ती चाटून ठेवून देते. तुमच्याकडचा तो वास आमचाच होता हे तिला माहीत नाही. काल म्हणाली, पेल्कीने असं करायला नको होतं, चांगला माणूस होता.

मी तिची उशी नीट केली.

तुम्ही नाही थांबलात तरी तुमचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. थांबलात तर तारीख मीच कळवीन.

मार्नी रोझ गॅन्यन
वय १९, घर नंबर २०४
हे मी माझ्या हाताने लिहिलं. भाजत होते ते मी, मिस्टर ऑल्डन पेल्की नाही.