स्वखुशीने बाहेर

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! खिडकीजवळचं टेबल, फिरती खुर्ची, आणि चहा न मागता येतो. औषधांच्या चाचण्यांचे निकाल सोप्या भाषेत लिहायचे, एवढंच काम. साहेबांना सगळे 'रबर' म्हणतात, फार खोडतात म्हणून. दादाच्या सांधेदुखीवर आमच्याकडे नवी गोळी आहे. दुसऱ्या तुकडीत मीच त्याचं नाव घातलं.

२० जून
पहिल्या तुकडीचा निकाल लिहिला. इथली रीत अशी, की आठ आठवड्यांआधी जो थांबतो त्याच्यापुढे 'स्वखुशीने बाहेर' लिहायचं आणि त्याला निकालात धरायचं नाही. असे एकतीस जण. लोकांना धीर नसतो, असं रबर म्हणाले. मी लिहिलं : 'गोळी सुरक्षित आहे. एकही मृत्यू नाही.' वाक्य सुटसुटीत आहे म्हणून शाबासकी मिळाली.

८ जुलै
बाहेर पडलेल्यांच्या सह्या राहिल्या होत्या, म्हणून तीन घरी फोन केले. पहिल्या घरी बायकोनं सांगितलं, नवरा चौथ्या आठवड्यात वारला. आधी डोळे पिवळे झाले होते. दुसऱ्या घरी मुलगी, तिसऱ्या घरी सून, दोघींनी तेच सांगितलं. रबर म्हणाले, मेलेला माणूस गोळी घेत नाही, म्हणजे बाहेरच पडला ना. मी फोन खाली ठेवला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

९ जुलै
दादाला गोळ्या बंद कर म्हटलं. त्यानं हसत गोळ्यांबरोबर आलेलं पत्रक दाखवलं. त्यात माझंच वाक्य, ठळक अक्षरांत. तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू की लिहिण्यावर, म्हणाला. वहिनीनंही मलाच गप्प केलं. हात दाखवून अवलक्षण! मला फार भीती वाटते आहे.

१५ जुलै
दादाचे डोळे पिवळे.
कचेरीत बाहेर पडलेल्यांची यादी उघडली. बत्तिसावं नाव दादाचं — पुढे 'स्वखुशीने बाहेर'. तारीख उद्याची. कुणी लिहिलं, कुणालाच माहीत नाही. मी खोडलं. परत आलं. पुन्हा खोडलं —

१६ जुलै
दवाखाना. दादाला शुद्ध नाही. गोळीमुळे झालंय हे, असं डॉक्टरांना ओरडून सांगितलं. त्यांनी तेच पत्रक काढलं — मलाच वाचून दाखवलं.
कचेरीचा माणूस 'स्वखुशीने बाहेर'चा कागद घेऊन आलाय. नातेवाइकाची सही हवी.
दादा अजून श्वास घेतोय. वहिनी न वाचताच सही करतेय. वन्संच्या कचेरीचा कागद आहे, म्हणते, चुकीचं कसं असेल. मी तिचा हात धरला, पण ती —