कुंकू विश्वासांगीकारात नाही

१ मार्च, रविवार
उपासना बरी झाली. मंगल आज पुन्हा सासूबाईंच्या शेजारी. (इथून पुढे सा.बा. दर वेळी पूर्ण लिहायचा कंटाळा.) दोघी अहिराणीत कुजबुजत होत्या आणि सा.बा. तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या बोलण्यावर त्या कधी अशा हसल्यात? मी नगरची. अहिराणी कळते अर्धीमुर्धी, बोलता येत नाही.

मंगल शिरपूरकडची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला, ती डिंडोलीत घरी साड्यांना खडे चिकटवते. माल घ्यायला इकडे पर्वत पाटियाला आली की आमच्याकडे डोकावते, सा.बां.च्या गुडघ्यांना तेल लावून जाते. ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा म्हणते. तिच्या घरचं कोणी आपल्यातलं नाही. डिंडोलीच्या चर्चमध्ये, आमच्या मंडळीत, बाप्तिस्म्याचा वर्ग माझ्याकडे. म्हणजे शिकवायचं मी आणि लाड करायचे सा.बां.नी.

४ मार्च, बुधवार
वर्ग. मंगलला विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय काय मानतो ते उपासनेत म्हणतो तो, तोंडपाठ. मध्येच थांबून विचारलं, "उठना मंग तो पहिले मायले भेटना का?" येशू उठल्यावर आधी आईला भेटला का. जन्मापासून ख्रिस्ती, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. शुभवर्तमानात पाहून सांगते म्हटलं.

घरी सा.बां.ना हे सांगितलं नाही. त्यांना फार आवडलं असतं, म्हणूनच.

८ मार्च, रविवार
पाळकसाहेबांनी जाहीर केलं, गुड फ्रायडेचं गीत यंदा मंगल म्हणेल. ते गीत माझं आहे. म्हणजे कुणी लिहून दिलेलं नाही, पण दर वर्षी मीच म्हणते. सा.बा. मान डोलवत होत्या. माझा नुसता जळफळाट. इथे स्पष्ट लिहायला काय हरकत आहे.

चहाच्या वेळी पाळकसाहेबांना म्हटलं, ती अजून कुंकू लावते. ते म्हणाले, विश्वासांगीकारात जे आहे त्यावर आपण सगळे एक. बाकीचं ज्याने त्याने मनाशी ठरवावं आणि दुसऱ्याचं सोसावं. कोणी उपासकाळात मटण सोडतं, कोणी सोडत नाही, तसं. मी विचारलं, मग कुंकू कशात धरायचं?
"वर्ग तुमचा आहे, शीलाताई. विचार करून सांगा."
मला हवं होतं ते मिळालं. विचार वगैरे केला नाही.

स्कूटरवर सॅम म्हणाला, तुझ्या गळ्यातले काळे मणी कुठल्या वचनात आहेत? मी म्हटलं, त्यात क्रूस ओवलाय. तो हसला. नवरा कुणाचा आहे कळत नाही.

११ मार्च, बुधवार
मंगलला सांगितलं, बाप्तिस्म्याआधी कुंकू सोडावं लागेल. आवश्यक आहे. हा शब्द मुद्दाम वापरला. ती एवढंच म्हणाली, "मन्हा नवरा जित्ता शे, ताई."
मी म्हटलं, विश्वासाची किंमत द्यावी लागते. तोंडातून किती सहज निघालं. मी आजवर कसली किंमत दिली?

१४ मार्च, शनिवार

सकाळी मंगल आली. कपाळ कोरं. सा.बां.नी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि ऊर बडवायलाच लागल्या. "काय व्हयनं व माय? कसा गया?" त्यांना वाटलं, तिचा नवरा गेला. शेजारच्या गुजराती बेन पाणी घेऊन धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. मंगल सांगतेय, तो जित्ता शे, कामवर गयेल शे, आणि ऐकतंय कोण. सा.बां.नी स्वतः कधी कुंकू लावलं नाही, पण मंगलचं कपाळ त्यांना वाचता येतं. मला आलं नाही, की वाचायचंच नव्हतं...

शांत झाल्यावर सा.बां.नी विचारलं, मग पुसलं कशाला? मंगलने माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान चिडता आलं असतं.

१५ मार्च, रविवार
मंगल आली नाही. पाळकसाहेब सकाळीच तिच्या घरी जाऊन आले. नवरा म्हणतो, आजवर मी अडवलं नाही, पण मला जिवंतपणी मारणारा देव घरात नको.

मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, आवश्यक म्हणालात? हो. कशाच्या आधारावर? मी वचन आठवत राहिले. आधार सा.बां.चं ते हसू, दुसरा नाही. हे त्यांना कसं सांगायचं? ते म्हणाले, तुम्हीच जा तिच्याकडे.

सा.बा. माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना सॅमला विचारलं, मंगल जेवली असेल का रे. मी समोर ताट घेऊन बसलेली.

१८ मार्च, बुधवार
वर्गाच्या वेळेला मंगलकडे गेले. वाटेत टिकल्यांचं पाकीट घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदार म्हणाला, "बेन, कई साइझ?" मला सांगता येईना, बोटाने दाखवलं.

मंगल साडी पसरून खडे लावत होती. कपाळावर कुंकू, पूर्वीपेक्षा ठसठशीत. पाकीट पर्समध्येच राहिलं. नवरा रातपाळी करून आत झोपलेला, म्हणून हळू बोललो. तिने गोंदाचा हात फडक्याला पुसला.
"ताई, हाई देवनं सांगणं व्हतं का तुमनं?"
मी म्हटलं, माझं.
तिने मान हलवली. रागावली नाही. एक खडा बसवला, दुसरा उचलला.
"मंग तो उठना, हाई कोननं सांगणं?"

उत्तर मला येतं. लहानपणापासून येतं. तिच्यासमोर तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं नाही. कुंकवाबद्दल बोलले होते त्याच तोंडाने ते सांगायचं, आणि तिने का मानावं?

सा.बां.चं ती मानेल. त्यांना रिक्षाने डिंडोलीला नेलं तर त्या तिच्याशी अहिराणीत बोलतील, रडतील, मग दोघी हसतील, आणि मी दाराशी चपलांजवळ बसून राहीन. सकाळपासून सा.बा. अबोला सोडून दोनदा विचारून गेल्या, माले कधी लई जाशी.

अजून हो म्हटलेलं नाही.