सोप्रानोंची वरची ओळ

मंगळ. १० ऑक्टो. २००६, आखन, जर्मनी

कॉयरची तालीम. आज मेत्रनी फ्राउ केसलरना संपवलं. (त्या फ्रेंच म्हाताऱ्याला 'मेत्र'च म्हणायचं, म्हणजे उस्ताद. दुसरं चालत नाही.) सोप्रानोंची, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या बायकांची, वरची ओळ चालू होती. थांबवलं. केसलरबाईंना एकटीला उभं केलं, तेच परत परत गायला लावलं. मला तर सूर लागलेला वाटत होता. म्हणाले, "मादाम, तुमच्या गळ्यातून आता नुसता वारा येतो. यापुढे फक्त तोंड हलवा."

बाई कॉयरच्या सुरुवातीपासून आहेत. कोट घेतला, गेल्या. कुणी हूं की चूं नाही. मीही नाही. मागच्या पुरुषांच्या रांगेतून निरंजन पुटपुटला, "हलकट." मेत्र त्याला मागे नाकात गाणारा बोकड म्हणाले होते, ते अजून डोक्यात आहे.

शुक्र. १३ ऑक्टो.

मेत्रकडे. त्यांचा नवा मास, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत, मी कॉम्प्युटरवर उतरवून देते. मृतांच्या रविवारी (गेलेल्यांच्या आठवणीचा, २६ नोव्हें.) चर्चमध्ये पहिल्यांदा होणार. आज मूड होता, स्वतःबद्दल बोलत सुटले. वडील लॉयर नदीकाठच्या गावात ऑर्गन वाजवायचे. पोरगा चुकला की पट्ट्यांवरचं झाकण बोटांवर आपटायचे. डावी करंगळी दाखवली, वाकडीच आहे. पंचविशीच्या आत पहिली सिंफनी, पॅरिस उभं राहिलं. मग ऑपेरा. तो लोकांनी शिट्ट्या मारून पाडला. एका ओबो (सनईसारखं वाद्य) वाजवणारीच्या मागे जर्मनीत आले. ती गेली, हे राहिले. आता त्यांचं कोणी वाजवत नाही. आम्हीच गातो.

"माझ्या बापापेक्षा मी बराच," म्हणाले आणि हसले.

त्यांच्या पाठीमागे गॅसवर किटली शिट्टी मारत होती. किंचाळतच होती. हे शांतपणे पानं उलटतायत. शेवटी मीच उठून बंद केली. लॅबमध्ये मी कानांवरच काम करते, त्यामुळे सांगायला कुणी नको. त्यांना वरचे सूर ऐकूच येत नाहीत. म्हणजे केसलरबाईंचा त्या दिवशी…

मंगळ. १७ ऑक्टो.

बसमध्ये नि.ला सांगितलं.
"म्हणजे बहिरा? आणि शिव्या आपल्याला?"
"कुणाला बोलू नकोस हं."
"छे गं."

मंगळ. २४ ऑक्टो.

बोललाच. वरची ओळ आली आणि सगळ्या सोप्रानोंनी नुसती तोंडं हलवली. आवाज शून्य. मेत्र दोन्ही हात वर करून उभे. "अखेर! देवदूत असे गातात!" कुणीतरी फिसकलं, मग सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं आनंदाने हसतोय. तेही हसले.

मीही हसले. पोट दुखेपर्यंत.

मंगळ. ७ नोव्हें.

दर तालमीला तेच. मेत्र मऊ झालेत. आज सगळ्यांना चॉकलेटं आणली. निरंजनला म्हणाले, "छान पिकतोय आवाज." नि. डबा पुढे पाठवत मला म्हणाला, "घे, बहिऱ्याचा प्रसाद."

शनि. ११ नोव्हें.

केसलरबाईंकडे गेले. वाटलं, त्यांना कळायला हवं. इतके दिवस त्या घरातसुद्धा गायल्या नव्हत्या. आवाज गेला असंच धरून बसलेल्या. मी सांगितलं, किटलीपासून ते देवदूतांपर्यंत. त्या टेबलक्लॉथ सारखा करत राहिल्या.
मग म्हणाल्या, "आल्झो, ठीक तर. त्या रविवारीही तसंच गा. आवाज न काढता. मी पहिल्या रांगेत बसेन."
हसल्या. मला वाटलं होतं रडतील.

मंगळ. २१ नोव्हें.

शेवटची तालीम. मेत्र गेल्यावर हात वर करून ठरलं. रविवारीही सोप्रानो गप्प. नि. म्हणाला, "एकदाच गं. भर चर्चमध्ये कळू दे त्याला." मी हात वर केला नाही. विरोधही केला नाही.

शुक्र. २४ नोव्हें.

सांगायला गेले होते. तोंड उघडण्याआधीच मेत्र म्हणाले, "तुम्ही आलात ते बरं. सोप्रानो गात नाहीत, हे मला ठाऊक आहे. ओठ हलतात, मान हलत नाही. गाताना इथली शीर फुगते." स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.
"कधीपासून?"
"पहिल्या दिवशी फसलो. चॉकलेटं आणली त्या दिवशी माहीत होतं."
"मग बोलला का नाहीत?"
"बोललो तर मला काढतील. रविवारी गातील. लोकांसमोर इतकं दुष्ट कोणी होत नाही."
मी रविवारचं सांगितलं नाही. ते इतक्या खात्रीने बोलत होते. नाही सांगितलं.

रवि. २६ नोव्हें., चर्चच्या मागच्या खोलीत

चर्च भरलंय. केसलरबाई पहिल्या रांगेत, केस सेट करून आल्यात. नि.ने येता-जाता डोळा मारला.

मेत्रनी आत्ता मला बाजूला घेतलं. बाहेर लोकांकडे बघून आले होते. तोंड पांढरंफटक. केसलरबाई दिसल्या असणार.

"सोप्रानो गाणार नाहीत ना?"

मी मान हलवली. नाही.

माझा हात धरला. "तुम्ही ऑल्टोत, खालच्या सुरांत आहात. पण वरची ओळ तुम्हीच उतरवलीत, तुम्हाला पाठ आहे. एकट्या गा. एक आवाज पुरे मला."

मी हो म्हटलं. त्यांनी हाताचं चुंबन घेतलं, जुन्या पद्धतीने, आणि गेले.

तेवढ्या वर माझा गळा जातच नाही. तीन वर्षं माझ्यासमोर उभे राहतात, त्यांना माहीत नाही. कसं असणार.

घंटा झाली. रांगा लावतायत.