नात्याचा रकाना

सेइनी,

आज दहावा दिवस. गावातल्या बायकांनी सुतकाचे काळे कपडे उतरवले. मी अजून उतरवले नाहीत.

आपला फोतू ऑकलंडमध्ये वारल्याचं कळलं, तेव्हा आपण नणंद-भावजयींनी एकत्रच व्हिसाचे अर्ज भरले. नात्याच्या रकान्यात दोघींनीही ‘आई’ लिहिलं. तू त्याला जन्म दिलास आणि दूध तुटल्यावर माझ्या रिकाम्या मांडीवर ठेवलंस. आपल्या टोंगात अशा देण्याचे कागद कोण करतं?

तुझा व्हिसा आला. ‘वन्संचा नाकारला,’ असं तू तिथे सगळ्यांना सांगितलंस, कारण मीच तुला तसं सांगितलं होतं. ते खोटं होतं. कचेरीतल्या बाईचा मला फोन आला होता. बिचारी म्हणाली, “जन्मदाखल्यावर तुमचं नाव नाही. आत्या लिहून पाठवा, पिसिलाबाई. उद्या व्हिसा मिळेल, माती व्हायच्या आत पोहोचाल.”

मी नवा अर्ज घेतला, पेन उचललं. तेवीस वर्षं आई म्हणवून घेतलं, आणि आता आत्या लिहू? रागाच्या भरात अर्ज फाडून टाकला.

मयताच्या उशाशी बसायचा मान आपल्याकडे आत्याचाच. तू परवा फोनवर म्हणालीस, “तुमची जागा आम्ही रिकामी ठेवली होती, वन्सं.”

हे पत्र मी तुला धाडणार नाही. पण सेइनी, त्याने कधी मला आत्या म्हणून हाक मारली असती, तरी मी ओ दिलीच असती गं.

तुझी वन्सं,
पिसिला