ऊन पाणी

रोहा,
मंगळवार

प्रिय मून,

तुझे सगळे मेसेज पोहोचले. हीटरचे फोटो, कोणत्या कंपनीचा चांगला, कोणाचा अजिबात नको, आणि खाली दर वेळी तेच, बाबा लवकर ठरवा. म्हातारा टाळतोय असं तुला वाटत असेल. टाळत नाही गं. फोनवर बोलायला घेतलं की आपण दोघं पुन्हा हीटरवरच येतो, म्हणून कागद घेतला. मिठागरावर मुकादम असताना शेठला चार ओळी लिहायचो, तेवढाच माझा सराव. चुकलंमाकलं चालवून घे. आणि जावईबापूंना, ऋत्विकला, अजून वाटतं का, की तुझं नाव इंग्रजीतलं मून आहे म्हणून? त्यांना सांग, मृणाली म्हणताना तुझ्या आईची जीभ वळेना, म्हणून तिनेच त्याचं मून केलं.

तू हे घर पाहिलेलं नाहीस, म्हणून आधी पोहायचा पूल कसा आहे ते सांगतो. तुझ्या भावाने, नितेशने कोलाडच्या रस्त्याला घर बांधलं तेव्हा मागच्या अंगाला हा पूल काढला. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे राहायला येतील, अशी त्याची अटकळ होती. पाहुणे गेले नदीकाठच्या रिसॉर्टांना आणि आमच्याकडे आले बेडूक. तुझी वहिनी प्रतिक्षा त्याला बेडकांचं सासर म्हणते. दिवाळीनंतर तुझ्या आईला झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हा मात्र त्याच पुलाकडे आम्ही आशेने बघायला लागलो. व्यायाम करून घ्यायला मनाली नावाची मुलगी येते. ती म्हणाली, पाण्यात अंग हलकं होतं, पाय लवकर उचलेल, पण पाणी कोमट हवं. आम्ही कसला धीर धरतोय. ऐन थंडीत मी आणि नितेशने तिला धरून उतरवलं. तिचं अंग लाकडासारखं ताठलं आणि ती अशी ओरडली की शेजारची माणसं कुंपणाशी आली. पुन्हा थंड पाण्यात उतरवायची आमची छाती झाली नाही.

बोलणं तर गेलंच होतं. तिचे ओठ नीट मिटत नाहीत, चहा ओघळतो, मी पंचा घेऊन शेजारी बसलेला असतो. जिच्या तोंडापुढे मिठागराचा शेठ गप्प बसायचा, ती आता घशातून नुसता आवाज काढते. हे बघवत नाही, मून. आणि संक्रांतीच्या सुमारास तिला एक शब्द आला. ऊन. अगदी स्पष्ट. घर आनंदाने वेडं झालं. आपल्याकडे आंघोळीचं ते ऊन पाणीच. तिला पुलात उतरायचंय, पण पाणी ऊन हवंय, असा अर्थ मीच लावला, सगळ्यांना मीच सांगितला, तुलाही मीच कळवला. तू लगेच हीटर शोधायला लागलीस. खर्च मी करते पण आईला सांगू नका, असं तू लिहिलंस. ते मी कोणालाच दाखवलं नाही.

आता तुझ्या हीटरांचं. विजेवरचा मोठा हीटर लावला तर घरातला पंखासुद्धा चालणार नाही, असं वायरमनने येऊन सांगितलं. लाइन वाढवून घ्यायची तर अर्ज आला, खेटे आले, आणि बिल बघून आम्हालाच झटका यायचा. गॅसवरचा म्हणजे सिलिंडरची गाडी दारातच उभी करावी लागेल. सोलरच्या नळ्या मला पटल्या होत्या, पण छपरावर शेजारच्या जांभळाची सावली दुपारपर्यंत हलत नाही आणि शेजारी फांदी तोडू देत नाही. हवेतली ऊब ओढून पाण्याला देणारं जे यंत्र तू सुचवलंस, ते चालवायला स्वस्त हे खरं, पण विकत घ्यायला तुझी सगळी शिल्लक जाईल आणि ते मला नको आहे. मी आपला घरचा बंब पेटवला. दिवसभर बादल्या ओतल्या. पुलाने त्या कुठे गिळल्या कळलंही नाही. पाठ मात्र माझी धरली.

मग मिठागर आठवलं. आपण खाडीचं पाणी कधी खोल कोंडत नव्हतो. घोट्याएवढं ठेवायचं, बाकी सूर्य करतो. पुलातलं पाणी कमरेपर्यंत उतरवलं, तळाला काळं प्लास्टिक अंथरलं, संध्याकाळी वरून ताडपत्री ओढायला लागलो. चार दिवस रोज हात घालून बघत होतो. पाचव्या दुपारी पाणी कोमट लागलं. मी लहान मुलासारखा नाचायचा बाकी होतो. तिला खुर्चीसकट उतरवलं. अंग ताठलं नाही. मनालीने पाय उचलला तसा तो उचललाही गेला. आणि तुझी आई त्या ऊन पाण्यात बसून रडायला लागली, ऊन, ऊन म्हणत.

मग वाटलं, ही पाण्याचं नाही, उन्हाचंच म्हणत असेल. सगळा जन्म उन्हात मीठ ओढलेली बाई, भिंतींना विटली असेल. खुर्ची अंगणात नेऊन ठेवली. तिथेही तेच. सावलीत नेली, तिथेही तेच. मी चिडलो, मून. आजारी माणसावर आवाज चढवला, म्हटलं अजून किती ऊन आणू तुला. ती फाटकाकडे बघत राहिली. मनाली सांगते, या महिन्यांत जे परत येईल तेच आपलं. मला मात्र ती काय मागते तेच कळत नव्हतं, आणि बायको एकच गोष्ट मागत असताना ती न कळणं यासारखी लाचारी नाही.

काल दुपारी पेज भरवत होतो. मीठ घालायचं राहिलं होतं. तुझ्या आईने घास तोंडात घोळवला, डाव्या हाताने वाटी सरकवली आणि म्हणाली, "ईठ." मी उठून मीठ आणलं, घातलं, ती खायला लागली. चमचा माझ्या हातात तसाच राहिला. ओठ मिटल्याशिवाय म निघत नाही गं. मिठातला म तिच्या तोंडून गळला होता. मग उन्हातलं कोणतं अक्षर गळत होतं, ते माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं, पण कसं येणार? खांब गावच्या पाहुण्यांशी तुझ्या लग्नाची सुपारी फुटलेली असताना तू ऋत्विकबरोबर गेलीस, त्या दिवशी तिने सगळ्यांसमोर बजावलं होतं, "तिचा नाव या घरान परत कोनी घेवाचा नाय." तिने स्वतः ते कधी घेतलं नाही आणि आम्हालाही घेऊ दिलं नाही. काल मी तिच्या कानाशी वाकून ते घेतलं. तिने माझं मनगट धरलं ते सोडेना. डाव्या हातात अजून मिठागराचा जोर आहे.

तेव्हा हीटर घेऊ नकोस, पाणी माझं मी तापवीन. ये म्हणून हुकूम करायचं माझं तोंड नाही, झालेलं बोलणं तूही सोसलं आहेस. पण ती संक्रांतीपासून तुला हाक मारते आहे आणि आम्ही पाणी तापवत बसलो होतो. हे लिहितानाही बाहेर खुर्चीत तिचं चाललंच आहे. मी इथून ओ देतो, पण ती मान फिरवून पुन्हा फाटकाकडे बघते.

तुझाच,
बाबा