गावंढळ कोणाला म्हणायचं

बुधवार, १८ जानेवारी १९९५
नवागाम, सुरत

डोकं अजून तापलेलंच आहे. संध्याकाळी आईला घेऊन आमच्या बँकेच्या मॅनेजरसाहेबांकडे हळदीकुंकवाला गेले होते. सगळ्या बायका सोफ्यावर बसून चहा पीत होत्या आणि साहेबांकडची कामवाली शांताबाई रिकामा ट्रे धरून दारात उभी. तिला कोणी विचारलंच नाही. आईने विचारलं, "तुम्ही घेतला का?" ती नाही म्हणाली. आईने अर्धा चहा बशीत ओतला, कप शांताबाईच्या हातात दिला आणि स्वतः बशीने प्यायली, फुर्र आवाज करत. आमच्याकडे कोणी समोर उभं असेल तर एकट्याने चहा पीतच नाहीत.

साहेबांची बायको शेजारणीला हळूच म्हणाली, "अगदीच गावंढळ आहेत!"

मला ऐकू आलं. आधी लाज कोणाची वाटली? आईचीच. इथे तरी खोटं कशाला लिहू? मग माझाच मला इतका राग आला की मीही चहा बशीत ओतला आणि आईपेक्षा मोठ्याने फुरका मारला. सगळ्या बघतच राहिल्या. बघू देत!

घरी आल्यावर आईला विचारलं, उभ्या माणसासमोर एकटीनेच चहा पिणारीला आपल्यात काय म्हणतात गं? ती म्हणाली, "तिले कोनी शिकाडेल नही व्हई, बिचारी."

आई खुशाल बिचारी म्हणो. मला आजच एक शब्द मिळालाय, आणि तो जिने दिला तिलाच शोभतो. गावंढळ.